रमाबाई नावाच्या चौघी

महाराष्ट्राच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात रमाबाई या नावाच्या चार स्त्रियांनी लोकांच्या स्मरणात कायमचे स्थान मिळवले आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई, संस्कृत विदुषी आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ रमाबाई रानडे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई आंबेडकर, ज्यांना लाखो लोक माता रमाई म्हणून वंदन करतात, अशा या चौघी होत. पहिल्या रमाबाईंचा मृत्यू १७७२ साली झाला आणि चौथ्या रमाबाईंचा १९३५ साली. या दीडशेहून अधिक वर्षांच्या काळात पेशवाई बुडाली, इंग्रजी राज्य आले, सुधारणेचे वाद पेटले आणि जातिव्यवस्थेविरुद्धचा लढा उभा राहिला. चौघींची कुळे, शिक्षण, श्रद्धा आणि वाट्याला आलेली सुखदुःखे सर्वस्वी वेगळी असली, तरी एका नावामुळे त्या वाचकाच्या मनात एकमेकींत मिसळतात. शारदा सदन कोणाचे आणि सेवासदन कोणाचे, यात चांगल्या वाचकाचीही गफलत होते, आणि नुसता ‘रमाबाई’ असा उल्लेख असलेला जुना मजकूर हाती आला म्हणजे अभ्यासकाला थबकावे लागते. हा गुंता उकलणे हे या प्रस्तावनेचे एक काम आहे, आणि तो स्त्रियांच्याच बाबतीत इतका घट्ट का बसला हे पाहणे हे दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, काम आहे.

भिन्न व्यक्तींचे नाव एकच असणे, म्हणजेच नामसाम्य, हे पुरुषांतही विपुल आढळते. एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाचा इतिहास चाळू लागले की गोपाळ हे नाव पावलोपावली भेटते: लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख, ‘सुधारक’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, भारत सेवक समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर आणि पत्नीला डॉक्टर करण्याचा ध्यास घेतलेले गोपाळराव जोशी. तरीही या गोपाळांत सहसा कोणाची गल्लत होत नाही, कारण मराठी पुरुषाच्या नावाला स्वतःचे, वडिलांचे आणि कुळाचे असे तीन पदर असतात आणि ते जन्मापासून अखेरपर्यंत त्याची सोबत सोडत नाहीत. जेथे हे पदर गळून पडतात तेथे पुरुषांतही घोटाळा होतो. संतकवी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफतात, ज्याला नाममुद्रा म्हटले जाते. संत नामदेव आणि त्यांच्यानंतर बऱ्याच काळाने झालेले विष्णुदास नामा या दोघांच्याही रचनांत ‘नामा’ ही मुद्रा येत असल्याने कोणता अभंग कोणाचा, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ छळत आला आहे. वडील आणि कुळ यांची खूण पुसली गेली की माणूस हरवतो, हेच या उदाहरणातून दिसते, आणि स्त्रियांच्या बाबतीत ही खूण पुसण्याची रीतसर व्यवस्था समाजाने करून ठेवली होती.

ती व्यवस्था लग्नविधीत होती. महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही लग्नाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले जातात आणि वर त्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो. मग ते मोठ्याने सांगितले जाते, सासरची माणसे त्या नावाने हाक मारू लागतात आणि माहेरचे नाव माहेरापुरते, पुढे पुढे आईच्या तोंडापुरते, उरते. पूर्वी वधू आठ-दहा वर्षांची असे, त्यामुळे जाणत्या वयातले तिचे सारे आयुष्य या दुसऱ्याच नावाखाली जाई. पहिले नाव बदले, मधल्या जागी वडिलांऐवजी पती येई, आडनाव सासरचे होई, आणि नावाचे तिन्ही पदर एका दिवसात पालटत. या नव्या नावाची निवडही मोकळी नव्हती. वराचे नाव विष्णुवाचक असेल तर लक्ष्मी, रमा, इंदिरा अशी नावे जुळवली जात आणि ते शंकरवाचक असेल तर पार्वती, उमा, गौरी यांतले एखादे पुढे येई. म्हणजे देवदेवतांच्या जोड्या घराघरांतून पुन्हा मांडल्या जात. मुळात नावांचा साठा लहान, त्यात ही जुळणी, त्यामुळे एकाच पिढीत एकाच पेठेत कितीतरी रमा, लक्ष्मी आणि पार्वती नांदत असत, आणि त्यांना ओळखण्याची खूण म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे नाव एवढीच असे.

या चौघींपैकी दोघींच्या नावांत ही जोडी स्पष्ट दिसते. रमा म्हणजे लक्ष्मी आणि माधव म्हणजे विष्णू, म्हणून रमा-माधव ही पेशव्यांच्या घरातली जोडी लोकांना नावापासूनच शोभून दिसली. पुढे शंभर वर्षांनी न्यायमूर्ती रानडे यांचे नाव कागदोपत्री महादेव असले, तरी पुण्यात आणि मित्रमंडळींत ते माधवराव म्हणूनच ओळखले जात होते, आणि त्यांच्या पत्नीचेही सासरचे नाव रमाच होते. पेशव्यांचे माधवराव आणि रानड्यांचे माधवराव, त्यांच्या रमा आणि यांच्या रमा: इतका नेमका मेळ पडल्यावर वाचकाने गोंधळून जावे यात नवल नाही.

पेशव्यांच्या रमाबाईंविषयी मात्र इतिहासाजवळ सांगण्यासारखे फार थोडे आहे, आणि ते थोडके सत्य प्रामाणिकपणे थोडकेच ठेवणे योग्य ठरते. माधवराव क्षयाने खंगत १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, चिंतामणी गणपतीच्या सान्निध्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले. त्यांना अपत्य नव्हते. रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या, आणि त्यांचे स्मारक तेथे नदीकाठी आहे. आज मराठी वाचकाच्या मनात असलेली त्यांची सविस्तर मूर्ती, त्यांचे बोलणे, रुसणे, मंदिरातले दर्शन, हे सारे मुख्यतः रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या १९६२ सालच्या कादंबरीने आणि पुढे नाटक-चित्रपटांनी घडवलेले आहे. कादंबरीने आपले काम उत्तम केले. परंतु त्या मूर्तीच्या तेजामुळे एका तरुण, निपुत्रिक स्त्रीचा जिवंतपणी झालेला अंत हा केवळ पतिनिष्ठेचा कळस म्हणून वाचला जातो, आणि हे वाचन पुढच्या रमाबाईंच्या आयुष्यांना समोरासमोर ठेवून पाहिले की टिकत नाही. कारण त्यांच्यानंतरच्या दोन रमाबाई विधवा झाल्या, जगल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कार्य त्यांच्या वैधव्याच्या काळातच घडले.

पंडिता रमाबाईंचे नाव लग्नात मिळालेले नव्हते, आणि त्यांच्या आयुष्याची सारी वेगळीक जणू या एका गोष्टीपासून सुरू होते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या आईने मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत हिंडत राहिले. दुष्काळाच्या हलाखीत आईवडील गेले. रमा आणि तिचे भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले, आणि तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊही वारल्यावर १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षे पुरी होण्याआधी पती पटकीने गेले. जवळ मनोरमा ही तान्ही मुलगी होती. आजी लक्ष्मी, आई रमा आणि नात मनोरमा अशी ही तीन पिढ्यांची नावे एका ओळीत मांडली की एका बाजूने नाव लग्नात नाहीसे करणाऱ्या समाजात मायलेकींनी ते कसे जपून ठेवले हे ध्यानात येते. ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या आशयाच्या शीर्षकाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले तेव्हा ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले, आणि अर्पणपत्रिकेत आईचे नाव पूर्ण लिहिले. त्याआधी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हाही बाप्तिस्म्याच्या नावात मेरीच्या पुढे रमा राहिलीच. ‘रमाबाई मेधावी’ असे त्यांना क्वचितच कोणी म्हटले; पित्याचे कूळ, पतीचे आडनाव, नवा धर्म या सगळ्यांवर त्यांची विद्येने मिळवलेली पदवी मात करून राहिली. या चौघींत स्वतःच्या कर्तृत्वाची खूण नावाच्या आरंभी लावून घेणाऱ्या त्या एकट्याच होत.

रमाबाई रानडे यांची गोष्ट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सुरू होते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरात जन्मलेली ही मुलगी माहेरी यमुना होती. १८७३ साली, रानडे यांची पहिली पत्नी वारल्यानंतर थोड्याच दिवसांत, वडिलांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीशी लग्न केले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या पुढाऱ्याने कुमारिकेशी लग्न लावल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. लग्नात यमुनेची रमा झाली, आणि त्याच वेळी तिचे शिक्षणही सुरू झाले. घरातल्या इतर स्त्रियांचे टोमणे सोसत, पतीच्या आज्ञेने आणि पुढे स्वतःच्या ओढीने, ती मराठी वाचू-लिहू लागली, मग इंग्रजी शिकली. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हा सारा प्रवास आला आहे. या पुस्तकाच्या शीर्षकातच लेखिकेने स्वतःसाठी वेगळे आयुष्य मागितलेले नाही, दोघांचे मिळून एक मागितले आहे, आणि तरीही वाचणाऱ्याला त्यात पानोपानी एक स्वतंत्र, तल्लख, निरीक्षक स्त्री भेटते.

या दोन रमाबाई १८८२ साली पुण्यात एकत्र आल्या, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो प्रसंग मध्यवर्ती आहे. पती वारल्यावर पंडिता रमाबाई मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांची व्याख्याने झाली आणि स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली सभा म्हणून आर्य महिला समाज स्थापन झाला. चोवीस वर्षांची एक विधवा, जिला वेदान्तापासून व्याकरणापर्यंत सारे मुखोद्गत होते, बोलायला उभी राही, आणि समोर बसलेल्यांत विशीच्या उंबरठ्यावरची, तिच्याच नावाची दुसरी स्त्री असे, जिला घरी परतल्यावर या सभेला गेल्याबद्दल बोलणी खावी लागत. मिस हर्फर्ड या इंग्रज शिक्षिकेकडे दोघीही इंग्रजी शिकल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्यांनी सुरू केलेला आर्य महिला समाज मागे राहिलेल्यांनी चालवला, ज्यात रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. म्हणून या संस्थेशी दोघींचेही नाव जोडले जाते ते चुकीचे नाही. स्थापना एकीची आणि जोपासना दुसरीची, एवढा भेद लक्षात ठेवला म्हणजे झाले.

खरी गफलत होते ती दोन सदनांत. शारदा सदन ही विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी काढलेली निवासी शाळा पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केली आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवली. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जातात असा आरोप होऊन ‘केसरी’तून टीकेची झोड उठली, १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनीही संस्थेच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला, आणि पुण्यातल्या हिंदू कुटुंबांनी आपल्या मुली काढून घेतल्या. या घटनेनंतर दोन रमाबाईंच्या वाटा जाहीरपणे वेगळ्या झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी दौंडजवळच्या केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले, तेथे छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत हिब्रू व ग्रीक मुळांवरून मराठी बायबलाचे भाषांतर केले. सेवासदन ही संस्था मात्र १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत काढली, आणि तिची पुण्याची शाखा १९०९ साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने सुरू करून नावारूपाला आणली. रानडे १९०१ साली वारल्यानंतरच्या रमाबाईंच्या तेवीस वर्षांचे हे मुख्य काम होते: प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, ससून रुग्णालयात परिचारिकांना पाठवण्याची सोय, येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांच्या भेटी. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

पुढच्या पिढ्यांनी या दोघींना नावामुळे जोडीने उभे केले आणि जोडीने तोलले. एक रमाबाई घरात राहून सुधारणा करणारी, पतीच्या छायेत वाढलेली, म्हणून आदर्श. दुसरी धर्म सोडून गेलेली, म्हणून संशयास्पद. किंवा काळ बदलल्यावर याच्या नेमके उलट, एक बंडखोर आणि दुसरी मवाळ. हे दोन्ही निकाल उथळ आहेत. घरातल्या विरोधात बसून, रोजच्या रोज अपमान गिळत शिकणे याला धैर्य लागते, आणि आईबाप, भाऊ, पती यांपैकी कोणीही मागे उरलेले नसताना समाजाच्या रोषासमोर एकटीने उभे राहणे यालाही ते लागते; एका धैर्याने दुसऱ्याचे माप घेता येत नाही. नाव एक असल्यामुळे लागलेला हा तुलनेचा छंद सोडल्याशिवाय दोघींपैकी एकीलाही न्याय मिळणार नाही.

नावांचा हा गुंता रमाबाईंपुरता मर्यादित नाही, हे सांगण्यासाठी एक छोटे वळण घेणे आवश्यक आहे. लग्नापूर्वी यमुना असलेली रमाबाई रानडे ही एकटीच नव्हे. कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली आणि आनंदीबाई जोशी या नावाने १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्या पदवीदान समारंभाला नात्याने जवळच्या असलेल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. शारदा सदनात शिकलेली बालविधवा गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि तीही आनंदीबाईच झाली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या संदर्भात जिचे नाव घेतले जाते ती राघोबादादांची पत्नीही आनंदीबाई. म्हणजे दोन यमुना वेगळ्या नावांखाली दडल्या आणि तीन निरनिराळ्या मुली एका आनंदी या नावाखाली एकवटल्या; जन्मनाव माहीत नसेल तर या कुणाचाही माग लावणे अशक्य होते.

चौथ्या रमाबाईंकडे येताना सामाजिक भूमी पूर्णतः बदलते. दापोलीजवळच्या वणंद गावात १८९८ साली एका गरीब महार कुटुंबात जन्मलेल्या या मुलीचे वडील भिकू धात्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. तिला लहानपणी रामी म्हणत. आईवडील लवकर गेल्यावर नातेवाइकांनी भावंडांना मुंबईत भायखळ्याला नेले, आणि तेथेच बाजार उठल्यानंतर रात्रीच्या वेळी, भायखळ्याच्या मंडईच्या एका कोपऱ्यात, तिचा विवाह शाळकरी भीमरावांशी झाला. रामीची रमाबाई झाली; पुढे बाबासाहेब तिला रामू म्हणत. पती परदेशात शिकत असताना घर चालवणे, पाच मुलांपैकी चौघांना मातीआड करणे आणि यशवंत या एकट्या मुलाला वाढवणे, हे या आयुष्याचे तपशील कुठल्याही ग्रंथापेक्षा लोकांच्या आठवणींत आणि गाण्यांत जास्त टिकून आहेत. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ रामूच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

या रमाबाईंनी ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही, तरी आज चौघींपैकी सर्वाधिक लोकांच्या रोजच्या बोलण्यात त्यांचे नाव आहे. राज्य शासनाची घरकुल योजना रमाईच्या नावाने चालते. गावोगावच्या वस्त्यांना त्यांचे नाव आहे. मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, तेव्हापासून त्या नावाला एका वस्तीच्या दुःखाचाही भार आला. आधीच्या दोन रमाबाईंची कीर्ती छापलेल्या पानांनी आणि संस्थांनी टिकवली, आणि ते दोन्ही ज्यांच्या हाती होते त्या वर्गाने ती टिकवली. रमाईचे नाव मात्र ज्यांना छापखाना आणि ग्रंथालय परके होते त्यांनी आपल्या घरांच्या दारांवर लिहून टिकवले. स्मरणाच्या या दोन रीतींपैकी एकच इतिहास म्हणून मोजण्याची सवय अभ्यासकांनी सोडायला हवी.

या साऱ्यावरून व्यवहारात काही गोष्टी निष्पन्न होतात. जुन्या मजकुरात केवळ ‘रमाबाई’ असा उल्लेख आला तर साल, गाव आणि संस्था यांवरून ओळख पटवावी. १८८२ च्या पुण्यातील उल्लेख असेल तर विशेष सावध राहावे, कारण तेव्हा दोघी एकाच सभेत होत्या. ग्रंथालयांनी सूचीत स्त्री-लेखिकांची जन्मनावे शक्य तेथे जोडावीत, आणि पाठ्यपुस्तकांनी ‘रमाबाई’ या शब्दापुढे पूर्ण ओळख दिल्याशिवाय तो छापू नये. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली शासकीय कागदपत्रांत व्यक्तीच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. आईचे नाव कागदावर येऊ लागले हे चांगलेच झाले, पण ज्या आया, आज्या आणि पणज्या हा निर्णय होण्याआधी निघून गेल्या त्यांची माहेरची नावे अजून घराघरांतल्या जुन्या पत्रांत, लग्नपत्रिकांत, जन्मटिपणांत आणि वृद्ध नातेवाइकांच्या तोंडी आहेत. ती नावे ज्यांच्या घरी माहीत असतील त्यांनी ती आजच, सासरच्या नावाशेजारी, तारखेसह लिहून ठेवावीत.